गजकर्ण : कोणती तपासणी केव्हा करावी?

पावसाळ्यात जांघेत, कमरेला, काखेत गोल, खाजरे चट्टे घेऊन येणारे रुग्ण वाढतात. पुष्कळांनी दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम आधीच लावलेले असते. त्याने खाज थांबते, पण बुरशी फोफावते आणि चट्ट्याची ठळक कडा पुसट होते. मग गजकर्ण की इसब, हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण जाते. अशा वेळी मी तपासणी करायला सांगतो.

पहिली तपासणी ‘केओएच’ची. चट्ट्याच्या कडेचा कोंडा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात व त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. १० ते २० मिनिटांत त्वचेच्या पेशी विरघळतात. बुरशीचे धागे मात्र तसेच राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सुई नाही, खर्च थोडा, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी. पण पाहणाऱ्याची नजर सरावलेली हवी. शिवाय बुरशी आहे एवढेच कळते. तिची जात कळत नाही.

जात ओळखण्यासाठी ‘कल्चर’ करतात. कोंडा पोषक माध्यमावर पेरून बुरशी वाढवतात. त्याला ४ आठवडेही लागू शकतात. पेरलेले प्रत्येक बी उगवत नाही, तसेच येथेही होते. केओएचमध्ये धागे दिसूनही कल्चर कोरे येऊ शकते. म्हणून एक रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे रोग नाहीच, असे समजू नये.

तिसरी ‘पीसीआर’, कोविडमुळे सर्वांना ठाऊक झालेली. ती बुरशीचा डीएनए शोधते. निकाल लवकर मिळतो, पण खर्च जास्त आणि सोय सगळीकडे नाही. मेलेल्या बुरशीचा डीएनएही तीत सापडू शकतो.

मग कोणती करावी? शंका असेल तर आधी केओएच. औषध पूर्ण घेऊनही रोग हटत नसेल, तर कल्चर. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव २०२० मध्ये मिळालेली बुरशी आपल्याकडे पसरली आहे. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही. तिची नेमकी ओळख डीएनए तपासणीनेच पटते.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे : बुरशीचे मलम लावून तपासणीला गेल्यास रोग असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. मलम किती दिवस आधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारावे. आजवर लावलेल्या मलमांच्या ट्यूबा सोबत न्याव्यात. त्या दाखवण्यात संकोच नको.