बावीस बॉम्ब आणि ॲम्बॉय

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या ॲम्बॉय गावातून बाहेर पडायला रस्ते मोजकेच आहेत. पूर्व-पश्चिम जाणारा जुना ‘रूट ६६’, दक्षिणेला शीपहोल डोंगर ओलांडून ट्वेंटीनाइन पाम्सला उतरणारा रस्ता, आणि पूर्वेला काही मैलांवर फुटणारा, उत्तरेला ‘इंटरस्टेट ४०’ गाठून देणारा केलबेकर रोड. रूट ६६ची महती इतकी गाऊन झाली आहे की तिचे दळण पुन्हा दळण्यात अर्थ नाही. माझे कुतूहल वर्षानुवर्षे अडकून पडले आहे ते या गावाजवळून अणुबॉम्ब फोडून काढायच्या, आणि कधीच न निघालेल्या, रस्त्यात.

‘प्रोजेक्ट कॅरीऑल’चा व्यवहार्यता अहवाल नोव्हेंबर १९६३चा आहे. अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग, राज्याचे महामार्ग खाते आणि सांता फे रेल्वे असे तिघे त्यात भागीदार होते. ॲम्बॉयच्या उत्तरेला ब्रिस्टल पर्वत आडवा येतो. त्यात एका ओळीत २२ अणुस्फोटके पुरायची, प्रत्येक २० ते २०० किलोटनांचे, एकूण शक्ती १,७३० किलोटन, म्हणजे हिरोशिमाच्या शंभर पटींहून जास्त. त्यातून सुमारे दोन मैल लांबीची खिंड निघेल आणि तिच्यातून महामार्ग व लोहमार्ग शेजारी शेजारी जातील, असा बेत होता. पावसाचे पाणी खिंडीत शिरू नये म्हणून ते वळवून साठवायला खड्डा हवा, त्यासाठी तेविसावा बॉम्ब! खर्चाच्या तक्त्यात ही पद्धत नेहमीच्या खोदकामापेक्षा स्वस्त दिसते; बॉम्बांची किंमत मात्र त्यात धरलेलीच नाही. ‘शांततामय अणुस्फोट’ हे प्रकरण आपल्याला १९७४च्या पोखरणमुळे ठाऊक झाले, पण अमेरिकेत १९५७पासून ‘प्लाउशेअर’ या नावाने त्याचा रीतसर कार्यक्रम चालू होता. जुलै १९६२च्या ‘सेडान’ चाचणीने नेवाडात सुमारे १०० मीटर खोल खड्डा पाडून दाखवला होता आणि किरणोत्सारी धूळही दूरवर पसरवली होती. पुढे अणुचाचणीबंदीचा करार आड आला, पूर्वचाचण्या रेंगाळल्या, महामार्ग खात्याला थांबायला सवड नव्हती. बेत बारगळला.

या अहवालावर आज लोक हसतात किंवा शहारतात. माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया मुद्दा हुकवतात. बॉम्ब रद्द झाले, पण रस्त्याची रेघ रद्द झाली नाही. ब्रिस्टल पर्वत नेहमीच्या पद्धतीने फोडून १९७३मध्ये इंटरस्टेट ४० खुला झाला आणि ॲम्बॉयची वर्दळ एका फटक्यात आटली. रॉय क्राउल यांनी १९३८मध्ये सुरू केलेला आणि पुढे त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी वाढवलेला ‘रॉइज’ हा पंप, गॅरेज, मोटेल आणि कॅफेचा पसारा म्हणजेच जवळजवळ हे गाव. दुरून दिसावी म्हणून १९५९मध्ये उभारलेली त्याची उंच पाटी आता अशा रस्त्यावर उरली, जिथे दुरून बघायलाच कोणी येत नव्हते. किरणोत्साराचा कणही न उडता गावाचे व्हायचे ते झाले.

यावर आक्षेप ठरलेला आहे: गाड्या सुधारल्या, रेडिएटर उकळेनासे झाले, वातानुकूलन आले, ॲम्बॉय तसेही संपणारच होते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. या पट्ट्यातली गावे मुळात यंत्रांच्या तहानेवर जगली. १८८३मध्ये लोहमार्ग टाकताना ॲम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी अशी इंग्रजी अकारविल्हे नावे देत स्थानकांची माळ लावली गेली, कारण वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतराने थांबावे लागे. डिझेल आले आणि ती गरज सरली. पण तेवढेच कारण असते तर लडलोही संपायला हवे होते. ते त्याच जुन्या रस्त्यावर ॲम्बॉयच्या पश्चिमेला आहे; ऊन तेच, गाड्या त्याच. फरक एवढाच की नवा महामार्ग लडलोला चिकटून गेला आणि तिथे उतरायला फाटा मिळाला. तिथे आजही पेट्रोल आणि जेवण मिळते. उलट, त्याच माळेतल्या गॉफ्सवरून रूट ६६ १९३१मध्येच दुसरीकडे वळवला गेला आणि गॉफ्स ओस पडले. तेव्हा तर मोटारी पुरेशा कुरकुरत होत्या. म्हणजे यंत्राची तहान गावाला जन्म देते, पण मरण बहुतेकदा आखणीच्या टेबलावर ठरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मूठभर लोकांच्या धंद्यासाठी लाखो प्रवाशांनी वळसा का घ्यावा? घेऊ नये. जुना रस्ता अरुंद होता, रहदारी सोसत नव्हता. नवा हवाच होता. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला जावा. कॅरीऑलच्या अहवालात धुळीचा ढग आहे, जमिनीचे हादरे आहेत, किती घनयार्ड खडक उडेल तेही आहे. स्फोटापासून गाव कसे वाचवायचे याची चिंता होते. महामार्गापासून कसे वाचवायचे, हे विचारणे कोणाचेच काम नव्हते. खिंडीअभावी रेल्वेने मात्र आपला जुना मार्ग सोडला नाही. मालगाड्या अजून ॲम्बॉयमधून धडधडत जातात, पण त्या थांबत नाहीत. नुसते वाटेवर असणे पुरत नाही, याचा हा पुरावा.

२००५मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या ‘हुआन पोयो’ उपाहारगृहांचे मालक अल्बर्ट ओकुरा यांनी अख्खे गाव ४,२५,००० डॉलरना विकत घेतले. आता तिथे पर्यटक पाटीचे फोटो काढायला मुद्दाम वाट वाकडी करून येतात, याला पुनरुज्जीवन म्हणायची पद्धत आहे. मला तो युक्तिवाद पटत नाही. प्रवाशाला गरज म्हणून थांबवणारे गाव आणि हौस म्हणून थांबवणारे गाव यांचे अर्थकारण वेगळे असते. हौसेवर पंप चालतो, शाळा चालत नाही. ॲम्बॉयची शाळा १९९९मध्ये बंद झाली आणि फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने ती काही उघडलेली नाही.