न्यायमित्राने मांडलेला ४,६९७ खटल्यांचा हिशेब

१ जानेवारी २०२३ रोजी देशभरातील आजी-माजी खासदार-आमदारांवर ४,६९७ फौजदारी खटले प्रलंबित होते. वर्षभरात २,०१८ निकाली निघाले, म्हणजे शंभरात ४३. त्याच वर्षी १,७४६ नवे दाखल झाले. शंभर खटले संपेपर्यंत ८७ नवे उभे राहिले.

ही मोजणी सरकारी खात्याची नाही. उच्च न्यायालयांकडून आलेली माहिती एकत्र करून ज्येष्ठ वकील विजय हंसारिया यांनी ती न्यायमित्र, अर्थात अमायकस क्युरी, या नात्याने सर्वोच्च न्यायालयात सादर केली. प्रकरण अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या २०१६ च्या जनहित याचिकेचे. न्यायमित्र पक्षकाराचा वकील नसतो, तो न्यायालयाला साहाय्य करतो. भारतात त्याला बहुतेक वेळा न्यायालयच नेमते. कसाबच्या अपिलात राजू रामचंद्रन यांची नेमणूक अशीच झाली होती. अमेरिकेत संघटना, राज्ये आणि कंपन्या स्वतःहून लेखी निवेदने देतात, आणि बहुधा एका बाजूने. समलिंगी विवाहावरच्या २०१५ च्या ओबर्गेफेल खटल्यात अशी १४० हून अधिक निवेदने होती.

राज्यवार आकडे पाहता ४३ टक्क्यांची सरासरी फारसे सांगत नाही. दिल्लीत १०५ पैकी १०३ खटले निकाली निघाले. उत्तर प्रदेशात १,३०० पैकी ७६६, म्हणजे ५९ टक्के. महाराष्ट्रात ४७६ पैकी २३२, म्हणजे ४९ टक्के. केरळमध्ये ३७० पैकी १३२, तर बिहारमध्ये ५२५ पैकी १७१, म्हणजे ३३ टक्के. एकट्या उत्तर प्रदेशाचा वाटा देशातील निकालांच्या ३८ टक्के आहे.

मागची वर्षे अधिक बोलकी आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये ४,१२२ खटले होते. त्यानंतर २,७७५ निकाली निघूनही डिसेंबर २०२१ मध्ये संख्या ४,९८४ झाली. याचा अर्थ तीन वर्षांत ३,६३७ खटल्यांची भर पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकूण ५,१७५ झाले, वाढ ३.८ टक्के. पाच वर्षांहून जुने खटले मात्र १,८९९ वरून २,११६ वर गेले, वाढ ११.४ टक्के. साठ्यापेक्षा त्याचे वय वेगाने वाढत होते. याची किंमत मतदार मोजतो: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार अपात्रता दोषसिद्धीनंतर लागते, खटला रेंगाळल्याने नाही.

विसंगतीही आहेत. नोव्हेंबर २०२२ चे ५,१७५ जानेवारी २०२३ मध्ये ४,६९७ झाले, दोनेक महिन्यांत ४७८ ची घट. निकालांचा वेग एवढा नव्हता, त्यामुळे मोजणीची पद्धत बदलली असावी असे मला वाटते. पुढे, ४,६९७ मधून २,०१८ वजा करून १,७४६ मिळवले की ४,४२५ उरतात. १ जानेवारी २०२४ चा नोंदलेला आकडा ४,४७४ आहे. ४९ खटल्यांचा मेळ लागत नाही.

९ नोव्हेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितले, की संकेतस्थळावर या खटल्यांसाठी स्वतंत्र विभाग ठेवा आणि दाखल झाल्याचे वर्ष, प्रलंबित संख्या व सुनावणीचा टप्पा जिल्हावार द्या. तो विभाग वेळच्या वेळी भरला गेला, तर अशा ४९ चा शोध जिल्ह्यापर्यंत घेता येईल.