दिवाणखान्यातील चित्रपेटी आणि तिचा व्यापार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हास यंदा दाल बाजारातील भावतावाखेरीज काही लिहावे अशी सूचना केली. धान्याची आडत हा आमचा पिढीजात धंदा. तथापि ज्या एका मालाने आमच्या देखत घरोघरी प्रवेश केला, आणि जो विकण्याची रीत आमच्या धंद्याच्या रीतीहून अगदी निराळी होती, त्या दूरदर्शन संचाविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले.

दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ग्वाल्हेरकरांस हे सर्व वर्तमानपत्रांतून वाचावयाचे! पिलानी येथील सरकारी संशोधन संस्थेने देशी संचाचे तंत्र सिद्ध केले, हैदराबादच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे ई. सी. संच बाजारात आले. पण आमच्या शहरात पेटी घ्यावी तरी तीत दिसणार काय? पुढे १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले आणि १९८४ साली लहान शक्तीचे प्रक्षेपक देशभर इतक्या झपाट्याने उभे राहिले की काही महिने जवळजवळ रोज एक या हिशेबाने काम चालले होते. मग मात्र लष्करातील गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे दिसू लागले आणि कोणाच्या घरी पेटी आली हे रस्त्यावरूनच कळू लागले.

आरंभीचे संच विकले गेले ते यंत्र म्हणून नव्हे, तर लाकडी सामान म्हणून. चार पायांची पॉलिश केलेली पेटी, पुढे सरकत्या झडपा, झडपांना कुलूप. घरातील गोदरेजच्या कपाटाशेजारी ती शोभली पाहिजे, हा विक्रेत्याचा मुख्य मुद्दा असे. बरोबर व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर, चित्र ओढून आणणारा बूस्टर, आणि काळ्यापांढऱ्या चित्रावर लावावयाची निळसर प्लास्टिकची काच, हेही गळ्यात पडे. वर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, तो १९८० च्या दशकाच्या मध्यास बंद झाला.

आमच्या घरी मात्र अडचण निराळीच होती. आमच्या तीर्थरूपांनी दशलक्षण पर्वात मुनिमहाराजांच्या समक्ष परिग्रहपरिमाण व्रत घेतले होते. क्षेत्र, वास्तू, सोने, धान्य यांप्रमाणेच घरातील सामानसुमानाचीही मर्यादा त्यांनी वहीत लिहून ठेवली होती आणि ती वही दुकानच्या खतावणीइतकीच चोख असे. त्या यादीत चित्रपेटी नव्हती. आणि नवी वस्तू घालण्यास जागाही नव्हती. आम्ही विषय काढला की ते शांतपणे वही पुढे करीत.

२५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी, ‘रामायण’ मालिका सुरू झाली. आमच्या मातोश्री शेजारी पाहावयास जात. तीर्थरूपांस कथेविषयीच आक्षेप होता. आपल्या पद्मपुराणात रावणाचा वध लक्ष्मणाच्या हातून होतो, हे ते आम्हा सर्वांस पुन्हा पुन्हा सांगत. पण मातोश्रींचे जाणे त्यांनी अडविले नाही. एका रविवारी त्या दहा मिनिटांतच परतल्या. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले होते, खोलीत जागा नव्हती, आणि दाराशी उभ्या असलेल्या वृद्धेस कोणी आत ये म्हटले नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मुकाट्याने मूग निवडावयास बसल्या. तीर्थरूप ओसरीवर होते. त्यांनी सर्व पाहिले.

त्याच सुमारास एका कंपनीच्या जाहिरातीत शिंगे आणि शेपूट असलेला एक राक्षस दिसू लागला. ओनिडाची ती जाहिरात आमच्या पिढीस आठवतच असेल. शेजाऱ्याने जळावे आणि मालकाने मिरवावे, एवढाच तिचा आशय. आम्ही व्यापारी माणसे. गिऱ्हाईकासमोर पोत्यात परखी खुपसून वानगी हातावर ठेवावयाची आणि दाण्यावर भाव बोलावयाचा, एवढेच आम्हास ठाऊक. मत्सर हाच माल करून विकता येतो, हे आम्हास त्या राक्षसाने शिकविले. आमच्या शास्त्रांनी ज्या कषायांपासून दूर राहावयास सांगितले, त्यांवरच पेढी उभी राहिली. आणि हे मान्य केलेच पाहिजे की ती उत्तम चालली. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) धूत कुटुंबाने तर साखर-कापसाच्या व्यवहारातून येऊन व्हिडिओकॉन हे नाव देशभर नेले. २०१८ साली त्याच कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, तेव्हा आमच्या बाजारात कित्येकांस खरेच वाईट वाटले.

पुढील हिवाळ्यात तीर्थरूप आम्हास घेऊन ग्वाल्हेरच्या मेळ्यात गेले. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेल्या या मेळ्यात गुरांच्या बाजाराशेजारी पुढे मोटारी आणि चित्रपेट्यांची दुकाने लागू लागली होती. एकाच ओळीत वीस-पंचवीस पडदे एकच चित्र दाखवीत. विक्रेत्याने रंगीत संचापुढे आम्हास उभे केले आणि शेजारीपाजारी काय म्हणतील याचे वर्णन आरंभिले. तीर्थरूपांनी त्यास मध्येच थांबवून विचारले की झडपांना कुलूप असलेला काळापांढरा संच आहे काय. होता, जुन्या घडणीचा; तीन हजारांच्या आतबाहेर सौदा झाला.

घरी येताच त्यांनी वही उघडली. आपला रेडिओ आणि शिसवी आरामखुर्ची त्यांनी मुनीमजींस देऊन टाकली, त्या दोन ओळी खोडल्या, आणि तेथे नवी ओळ लिहिली. व्रत मोडले नाही. ती खुर्ची त्यांची फार आवडती होती. त्यानंतर अखेरपर्यंत ते ओसरीवर सतरंजीवर बसले.

कुलपाची किल्ली त्यांच्या जपमाळेच्या गोमुखीत असे. रविवारी सकाळी ते झडपा उघडीत, दारही सताड उघडे ठेवीत, आणि जो येईल त्यास आत बसवावे अशी घरात सक्त ताकीद असे. मातोश्री पहिल्या रांगेत. ते स्वतः मात्र खोलीत येत नसत. रावण पडला त्या दिवशी तेवढे उंबऱ्यापर्यंत आले, पाहिले, आणि मान हलवून परत गेले.

१९९० च्या दशकाच्या मध्यास जुना संच द्या, नवा न्या, ही टूम अकाईच्या जाहिरातींनी आणली. मुलांच्या आग्रहास्तव आम्हीही आमची पेटी हातगाडीवर घालून दुकानदाराकडे नेली. तोवर तीर्थरूप नव्हते. दुकानदाराने पेटी उघडूनही पाहिली नाही, कोपऱ्यात ढकलली आणि पावती फाडली. किल्ली त्याने मागितली नाही, आम्हीही दिली नाही. ती त्या वहीतच ठेवली आहे.