शब्द कोठे तोडावा?

यंदा आठवीच्या वर्गात आम्ही एक लहानसा खेळ मांडला. आम्ही एकेक अक्षर सांगावे आणि मुलांनी तीन-तीन अक्षरांचा शब्द करून लिहावा, एवढाच नियम. ‘क, प, ट, ल, व, ण, वा, स, रू’ अशी अक्षरे आम्ही उच्चारली. बहुतेकांनी ‘कपट, लवण, वासरू’ असे लिहिले. मागच्या बाकावरील एकाचे पहिले अक्षर हुकले. त्याच्या वहीत ‘पटल, वणवा’ असे शब्द उमटले आणि ‘सरू’ तिसऱ्या अक्षराची वाट पाहत राहिले! आठही अक्षरे त्याने अचूक ऐकली होती. चुकली ती शब्दाची सीमा.

जुन्या मोडी कागदांत शब्द सलग लिहिलेले असतात. वाचणारा अर्थाच्या आधाराने ते तोडतो. यंत्राला हा आधार नाही. त्याच्यापुढे ० आणि १ या अंकांचा अखंड प्रवाह येतो. त्यातील एखादा अंक गळाला, की पुढचे सारे गट सरकतात.

म्हणून अंतराळयानांच्या संदेशात प्रत्येक मोठ्या गटाच्या आरंभी पुष्कळदा ३२ अंकांची एक ठरलेली खूण पाठवितात. पृथ्वीवरील यंत्र ती शोधीत असते. कोणी चौकस विद्यार्थी विचारील, की तीच रांग मजकुरात योगायोगाने आली तर? शंका रास्त आहे. एकदा दिसलेल्या खुणेवर यंत्र विसंबत नाही. ठरलेल्या अंतरावर ती पुन्हा दिसते की नाही, हे पाहते आणि मगच सीमा सापडली असे मानते. उलट, सीमा एकदा पक्की झाल्यावर गोंगाटाने एखादी खूण बिघडली, तरी ते मोजणी सोडीत नाही. पुढच्या खुणेपर्यंत धीर धरते.

दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक अक्षरातच सीमा गुंफणे. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिलेल्या यूटीएफ-८ या लिपिसंकेतात ती आहे. संगणकावरील मराठी, तशीच आमची कोकणी, बहुधा याच संकेतात साठविली जाते. त्यात ‘क’ असा लिहितात:

१११००००० १०१००१०० १००१०१०१

आठ-आठ अंकांचे हे तीन गट. पहिल्याचा आरंभ १११० ने, उरलेल्या दोहोंचा १० ने. मध्येच वाचू लागलेल्या यंत्राला १० ने सुरू होणारा गट दिसला, की आपण अक्षराच्या पोटात आहो हे त्याला कळते, व ते पुढच्या आरंभापर्यंत सरकते. एखादा गट हरवला, तर त्या एका अक्षराचे नुकसान होते, पुढची सुरक्षित राहतात. चोवीसांपैकी आठ अंक केवळ सीमा सांगण्यात खर्ची पडतात. इंग्रजी अक्षर एकाच गटात मावते, आपले तिप्पट जागा अडविते, याची कुरकुर पूर्वी आम्हीही केली आहे. वर्गातील तो प्रकार पाहिल्यापासून करीत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा मांडला. या खेपेस प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षराबरोबर आम्ही मेजावर टिचकी मारली. मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याने मुद्दामच ‘क’ ऐकताना कान झाकून घेतले. ‘प, ट’ ही अक्षरे त्याने सोडून दिली, टिचकी ऐकली, आणि ‘लवण’पासून बिनचूक लिहिले.