दीर्घकाळाचा निवास आणि नागरिकत्वाचा अर्ज : नागपुरातील सिंधी वस्तीच्या अनुषंगाने

नागपूर शहराच्या उत्तर भागातील जरीपटका आणि दक्षिणेकडील खामला या वस्त्यांची वाढ मुख्यतः फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांमुळे झाली. या वस्त्यांतून आज दोन प्रकारची कुटुंबे शेजारीशेजारी नांदताना आढळतात. एका प्रकारच्या कुटुंबातील वडीलधारी मंडळी १९४७-४८ च्या सुमारास आली. दुसऱ्या प्रकारची कुटुंबे त्यानंतर कित्येक वर्षांनी, पाकिस्तानी पासपोर्टावर भारताचा व्हिसा घेऊन आली व येथेच राहिली. दोहोंची भाषा एक, देवधर्म एक, पुष्कळदा नातेगोतेही एकच. तथापि पहिल्या कुटुंबातील मनुष्य नागरिक आहे की नाही हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या कुटुंबातील मनुष्यास मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या वास्तव्यानंतरही तो प्रश्न अर्ज, दाखले आणि प्रतिज्ञापत्रे यांच्याद्वारे सोडवावा लागतो. हा भेद कोठून उत्पन्न होतो, आणि दीर्घकाळाच्या निवासाला कायद्यात नेमके स्थान काय, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

एखाद्या देशात पुरेशी वर्षे राहिले की मनुष्य आपोआप तेथील नागरिक होतो, अशी एक समजूत रूढ आहे. भारतीय कायद्यास ती मान्य नाही. निवासाने अर्ज करण्याची पात्रता येते. नागरिकत्व येत नाही. पुढील सर्व गुंतागुंत या एका भेदातून निघते.

संविधानाची तारीख

फाळणीच्या वेळी स्थलांतर करून आलेल्यांचा विचार संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात केलेला आहे. त्यासाठी १९ जुलै १९४८ ही तारीख सीमारेषा मानली गेली. पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत याच सुमारास सुरू झाली होती. ज्याचा स्वतःचा, अथवा ज्याच्या आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म अविभाजित भारतात झाला होता, असा मनुष्य या तारखेपूर्वी येऊन येथेच राहू लागला असेल, तर तो संविधानाच्या प्रारंभीच नागरिक ठरला. त्याला कोणताही अर्ज करावा लागला नाही. त्या तारखेला किंवा त्यानंतर आलेल्याने किमान सहा महिने येथे राहून २६ जानेवारी १९५० पूर्वी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदणी करून घेणे आवश्यक होते.

त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. पुढे हे शहर मध्य प्रदेश, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्य व १ मे १९६० पासून महाराष्ट्र अशा क्रमाने निरनिराळ्या राज्यांत गेले. परंतु नागरिकत्व हा विषय संघसूचीतील असल्यामुळे राज्ये बदलली तरी निर्वासिताचे नागरिकत्व बदलले नाही. भारतात नागरिकत्व एकच आहे. राज्याचे असे वेगळे नागरिकत्व येथे नाही.

निवासाची मोजणी

संविधानाने केवळ प्रारंभीचा प्रश्न सोडविला. पुढील काळासाठी संसदेने नागरिकत्व अधिनियम, १९५५ हा कायदा केला. दीर्घकाळ येथे राहणाऱ्या परकीयास त्यात मुख्यतः दोन मार्ग आहेत : पाचव्या कलमाखालील नोंदणी आणि सहाव्या कलमाखालील देशीयकरण.

नोंदणीचा मार्ग प्रामुख्याने भारतीय मूळ असलेल्यांचा आणि नागरिकांशी विवाह झालेल्यांचा आहे. भारतीय मुळाच्या व्यक्तीने येथे किती काळ राहिलेले असावे, याविषयीची अट वेळोवेळी कडक होत गेली. १९५५ साली सहा महिन्यांचा निवास पुरेसा होता. १९८६ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षे झाली. २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षे झाली. या सात वर्षांची मोजणीही सरळ नाही. अर्जाच्या लगतचे बारा महिने अखंड भारतात काढलेले असावे लागतात, आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षांचा निवास असावा लागतो. आजारी आईस भेटण्यासाठी शेवटच्या वर्षात सीमेपलीकडे जाऊन येणाऱ्याची मोजणी त्यामुळे खंडित होऊ शकते.

देशीयकरण म्हणजे परकीयास नागरिकांच्या समूहात सामावून घेणे. येथे मुळाची अट नाही, परंतु निवासाची अट मोठी आहे : लगतचे बारा महिने अखंड, आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे. शिवाय अर्जदार सद्वर्तनी असावा, पूर्वीच्या देशाचे नागरिकत्व सोडण्यास तयार असावा, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा त्यास पुरेशी अवगत असावी, अशा अटी आहेत. सिंधी भाषेचा समावेश या अनुसूचीत १९६७ साली, एकविसाव्या घटनादुरुस्तीने झाला. भारतात ज्या भाषेस स्वतःचा प्रांत उरला नाही, ती भाषा सिंधी अर्जदाराच्या बाजूने अशा रीतीने उभी राहते.

या दोन्ही मार्गांवर एक समान अडसर आहे. २००३ च्या दुरुस्तीने ‘अवैध स्थलांतरित’ ही संज्ञा कायद्यात आणली व अशा व्यक्तीस दोन्ही मार्ग बंद केले. पासपोर्टाशिवाय आलेला मनुष्य तर या संज्ञेत येतोच. परंतु वैध कागदपत्रांनी येऊन परवानगीची मुदत उलटल्यावर राहिलेला मनुष्यही तीत येतो. म्हणून दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि त्याचे वेळेवर होणारे नूतनीकरण यांस फार महत्त्व आहे. नूतनीकरणात खंड पडला, तर निवासाची वर्षे वाढत असूनही कायद्याच्या दृष्टीने ती व्यर्थ जाण्याचा धोका असतो.

निवास आणि हेतू यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या एका निर्णयात स्पष्ट केला आहे. १९३७ साली भारतात आलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्याने आपण संविधानाच्या प्रारंभापासूनच नागरिक असल्याचा दावा केला होता. येथे कायम राहण्याचा त्याचा निश्चय २६ जानेवारी १९५० पूर्वी झालेला होता हे सिद्ध न झाल्याने, अर्धशतकाचे वास्तव्य असूनही तो दावा फेटाळला गेला. वर्षांची संख्या बोलकी असते. पुरावा म्हणून ती एकटी पुरत नाही.

मुळाचे दार

‘भारतीय मूळ’ या शब्दांचा अर्थ आता अधिक बारकाईने पाहणे अवश्य आहे. १९५५ च्या अधिनियमाच्या आजच्या शब्दांनुसार, ज्याचा स्वतःचा किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एकाचा जन्म अविभाजित भारतात झाला, तो भारतीय मुळाचा. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात असलेला आजीआजोबांचा उल्लेख येथे नाही. याचा परिणाम पिढ्यांच्या क्रमाने जाणवतो.

उदाहरणादाखल एका कुटुंबाची कल्पना करावी. वडिलांचा जन्म १९६२ साली सक्कर येथे झाला. त्यांचे आईवडील १९३० नंतरच्या दशकात तेथेच जन्मलेले. आईचा जन्म १९६५ चा, तिचे आईवडीलही फाळणीपूर्वी जन्मलेले. १९९० साली जन्मलेल्या मुलास घेऊन हे दांपत्य १९९९ साली नागपुरास आले. २००१ साली त्यांस नागपुरातच कन्या झाली. या चौघांचे कायदेशीर स्थान पाहू गेल्यास ते एकसारखे नाही.

आईवडील दोघेही भारतीय मुळाचे, कारण त्यांच्या आईवडिलांचा जन्म अविभाजित भारतात झालेला. सात वर्षांच्या निवासानंतर ते नोंदणीस पात्र होतात. मुलगा मात्र त्याच सक्करमध्ये जन्मलेला असूनही या व्याख्येत बसत नाही. कारण त्याच्या आईवडिलांचा जन्म फाळणीनंतरचा आहे. आईवडील नागरिक झाले तर तो अज्ञान असताना नागरिकांचे अपत्य म्हणून, किंवा सज्ञान झाल्यावर नोंदणीकृत नागरिकांचे अपत्य म्हणून अर्ज करू शकतो. ते नागरिक न होताच मृत्यू पावले तर सामान्यतः त्याच्यापुढे देशीयकरणाचाच लांबचा मार्ग उरतो.

कन्येची स्थिती याहून विचित्र आहे. तिने नागपूरखेरीज दुसरे गाव पाहिलेले नाही, तरीही ती जन्माने नागरिक नाही. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेले मूल, अगदी थोडे अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक होते. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याच्या बाबतीत आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. आणि त्या तारखेपासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक व दुसरा अवैध स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. २००१ साली तिच्या आईवडिलांपैकी कोणीच नागरिक नव्हते.

जन्माच्या या नियमाचे महत्त्व विदर्भातील दुसऱ्या एका वस्तीवरून ध्यानात येते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावनजीक तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटी मंडळी बहुधा परकीय म्हणून नोंदलेली असतात. परंतु १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे, तिला वेगळ्या अर्जाची आवश्यकता नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली ठरविले. म्हणजे गोठणगावच्या पन्नाशीतील तिबेटी रहिवाशाचा जन्म भारतातला असेल तर तो नागरिक ठरतो, आणि जरीपटक्यात जन्मलेली, उपरोक्त उदाहरणातील तरुणी ठरत नाही. भेद निवासाचा नाही, वंशाचाही नाही. केवळ जन्मतारखेचा आहे.

अर्जाची वाट

नागरिकत्व नियम, २००९ यांच्यानुसार सर्वसाधारण अर्ज जिल्हाधिकाऱ्यामार्फत जातो. जिल्हाधिकाऱ्याने आपल्या अहवालासह तो ६० दिवसांत राज्य शासनाकडे आणि राज्य शासनाने ३० दिवसांत केंद्र शासनाकडे पाठवावा, अशी अपेक्षा आहे. अंतिम निर्णय केंद्राचा. अर्ज स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार विवेकाधीन असून त्याची कारणे देण्याचे बंधन अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने घातलेले नाही. मात्र अर्ज दाबून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : स्थानिक अधिकाऱ्याने आलेला अर्ज केंद्राकडे पाठविलाच पाहिजे, आणि निर्णय होईपर्यंत अर्जदारास हुसकून लावता येणार नाही. नागरिक नसलेल्या मनुष्यासही जीविताचे संरक्षण आहे, हे तत्त्व त्या निर्णयाच्या मुळाशी होते.

नागपूरच्या दृष्टीने डिसेंबर २०१६ ची अधिसूचना विशेष महत्त्वाची ठरली. पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांस नागरिकत्व देण्याचा केंद्राचा अधिकार तिने सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस दिला. महाराष्ट्रातून नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे हे चार जिल्हे तीत होते. प्रथम दोन वर्षांसाठी दिलेला हा अधिकार २०१८ साली पुढे चालू ठेवण्यात आला. ज्या अर्जाची फाइल दिल्लीस जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागे, तिचा निर्णय शहरातच होणे शक्य झाले. पात्रतेच्या अटी मात्र त्याच राहिल्या.

२०१९ ची दुरुस्ती

२०१९ च्या दुरुस्तीने अटींमध्येच बदल केला. वरील तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ रोजी वा त्यापूर्वी आलेल्या या सहा समाजांच्या लोकांस अवैध स्थलांतरित मानू नये, देशीयकरणासाठी त्यांच्या निवासाची अकरा वर्षांची मुदत पाच वर्षांवर आणावी, आणि मिळालेले नागरिकत्व प्रवेशाच्या दिवसापासून लागू समजावे, असे तिने ठरविले. नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. मुदत उलटून गेलेली कागदपत्रेही त्यांनी ग्राह्य मानली असून अर्जाची जिल्हास्तरीय छाननी व शपथविधी डाक विभागाच्या अधीक्षकाच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविला आहे. धर्माच्या आधारे केलेले हे वर्गीकरण समतेच्या तत्त्वाशी सुसंगत आहे काय, याविषयी तीव्र मतभेद असून त्यास आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या आहेत.

उपरोक्त उदाहरणातील कुटुंब १९९९ साली आलेले, म्हणून त्यास हा मार्ग उपलब्ध आहे. तेच कुटुंब २०१५ साली आले असते तर त्यास जुन्याच अटी लागू राहिल्या असत्या. येथेही एक तारीख निर्णायक ठरते.

समारोप

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यास राहावयास घर घेता येते, स्वतःचा धंदा करता येतो, बँकेत खाते उघडता येते. मग नागरिकत्वावाचून त्याचे अडते काय? मतदानाचा हक्क व सरकारी नोकरी या उघड गोष्टी झाल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट स्थैर्याची आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारत शासनाने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक सर्व व्हिसे रद्द केले, तेव्हा हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहतील असा खुलासा शासनास स्वतंत्रपणे करावा लागला. व्हिसा ही परवानगी आहे. ती दिली जाते तशी काढूनही घेता येते. नागरिकाचा निवास कोणाच्या परवानगीवर अवलंबून नसतो.

म्हणूनच अर्जास विलंब करणे घातक ठरते. निवासाची वर्षे दरसाल वाढत जातात हे खरे. परंतु अविभाजित भारतात जन्मलेली पिढी दरसाल कमी होत आहे, आणि तिच्याबरोबर तिचे शाळेचे दाखले, जुने पासपोर्ट व साक्षही नाहीशी होत आहे. ज्या आधारावर पुत्राची नोंदणी सुलभ होते, तो आधार पौत्रास मिळत नाही. जरीपटक्यातील वृद्धाच्या पेटीत जपून ठेवलेला सिंधमधील शाळेचा दाखला ही केवळ आठवणीची वस्तू नव्हे. तो वृद्ध हयात असतानाच त्या दाखल्याचा उपयोग करून पुढील पिढीने आपला अर्ज दाखल करणे, हे त्या कुटुंबाच्या हिताचे आहे.