उमेदवार देश म्हणजे सदस्य देश नव्हे

युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी ९ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रसेल्सला जाऊन युरोपीय संसदेत भाषण केले, तेव्हा त्यांचे झालेले उत्स्फूर्त स्वागत पाहून युक्रेन आता युरोपीय संघात दाखल झालाच, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात त्या देशाला जून २०२२ मध्ये मिळाला होता तो उमेदवार दर्जा (सदस्यत्वाचा अर्ज पुढील विचारासाठी पात्र असल्याची संघाने दिलेली अधिकृत मान्यता). महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे पदवी हाती आली असे होत नाही, तसेच हे आहे.

पुढे न्यायव्यवस्था, शेती, पर्यावरण अशा ३५ प्रकरणांत (संघाच्या कायद्यांचे विषयवार विभाग) देशांतर्गत कायदे जुळवावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर सर्व २७ सदस्य देशांची संमती लागते आणि शेवटी प्रवेश-कराराला प्रत्येक देशाने मंजुरी द्यावी लागते. तुर्कस्तान १९९९ पासून उमेदवार असूनही अद्याप सदस्य झालेला नाही. तरीही झेलेन्स्की यांच्या ब्रसेल्स दौऱ्यासारख्या भेटी निष्फळ नसतात, कारण एका देशाचाही नकार प्रक्रिया रोखू शकत असल्याने प्रत्येक सरकारचे मन वळवणे अपरिहार्य ठरते. मात्र सदस्यत्व मिळते ते घरच्या सुधारणा पूर्ण केल्यावरच.