अवधारणवाचक 'च' : प्राकृत, मराठी आणि दखनी

मराठीतील 'च' हे एकाक्षरी अव्यय संस्कृतातील समुच्चयवाचक 'च'हून कार्याने भिन्न आहे. त्याचे कार्य अवधारणाचे, म्हणजे निश्चय दर्शविण्याचे होय. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या प्राकृत व्याकरणात 'चेअ', 'चिअ' आणि 'च्च' ही अव्यये याच अर्थी नोंदविली आहेत. त्यांचा संबंध संस्कृत 'चैव'शी जोडला जातो. 'ज्ञानेश्वरी'त (१२९०) त्याचे 'चि' हे रूप आढळते.

'च' शुद्ध शब्दयोगी अव्यय असल्याने मूळ शब्दाचे सामान्यरूप करीत नाही आणि विभक्तिप्रत्ययानंतर येतो. त्याचे स्थान बदलताच अर्थ बदलतो. 'रामानेच पुस्तक वाचले' येथे कर्ता निश्चित होतो, 'रामाने पुस्तकच वाचले' येथे कर्म, तर 'रामाने पुस्तक वाचलेच' येथे क्रिया.

हे कार्य हिंदीत 'ही' करतो, गुजरातीत सुटा लिहिला जाणारा 'ज' करतो. कोंकणीत मराठीप्रमाणेच 'च' आहे. उत्तरेकडील बोलींतून घडलेल्या दखनीत 'ही'ऐवजी 'च' अपेक्षित नव्हता. तरी हैदराबादेत 'ऐसाइच' सहज ऐकू येते. मराठीतील दंततालव्य उच्चार तेथे तालव्य झाला, कार्य तेच राहिले.

नामे बाजारातूनही उसनी येतात. निश्चयाचे अव्यय मात्र दीर्घ द्वैभाषिक सहवासाशिवाय सहसा येत नाही. म्हणूनच दखनीतील 'इच'ला अशुद्ध हिंदी ठरवून हसणे म्हणजे त्या सहवासाचा भाषिक पुरावाच नाकारणे होय.